बारा मिलिमीटर

अहवाल इंग्रजीत होता, सदतीस पानांचा.
रेडकर म्हणाले, मराठीत करून द्या, ताई,
रविवारी गच्चीवर सभा आहे.
आणि तो एक शब्द जरा सांभाळून.
लोक घाबरतात.

तो शब्द : डिफ्लेक्शन.
एकोणीस वेळा आला होता.
दुसरा मजला, खोली क्रमांक अकरा,
छताच्या मधोमध, बारा मिलिमीटर.

कोशात सापडलं विक्षेपण.
रेडकरांनी दोनदा उच्चारून पाहिलं.
म्हणाले, हे उपग्रहाचं ना? श्रीहरिकोटा?
विचलन लिहिलं,
तर वाटलं, छताचं मन लागत नाहीये कशात.
बाक लिहिलं, तर बागेतलं बाकडंच आठवलं.
झोळ हा शब्द खरा नेमका,
पण कन्नमवार नगरात झोळाचा ळ केव्हाच गळून पडलाय.
सभेत कुणीतरी उठणार आणि विचारणार,
केवढ्याचा झोल? कमिटीचा की बिल्डरचा?

शेवटी मिस्किटांना फोन केला.
उत्तनचे आहेत, चाळीस वर्षं इमारती ठोकून बघतायत.
म्हणाले, बाई, तुळई एकदम मोडत नाही.
आधी वाकते.
अंगावर आलेलं ओझं दोन्हीकडच्या खांबांकडे वळवते,
वळवताना थोडी खाली येते, एवढंच.
वाकते म्हणजे सांगते.
मला भीती वाटते न सांगणारीची.
मग म्हणाले, तुमच्या मराठीत काय म्हणतात याला?
मी म्हटलं, तेच शोधतेय.

खोली क्रमांक अकरा आमचीच.

अप्पा माझगावला होकायंत्रं जुळवायचे.
जहाज सगळं लोखंडाचं,
त्यात सुईचा जीव केवढा!
उत्तर दाखवता दाखवता चार अंश सरकायची.
अप्पा ते चार अंश वहीत टिपायचे,
लोहचुंबकाचे तुकडे शेजारी ठेवून
तिची समजूत काढायचे.
सुई खोटं बोलत नाही, म्हणायचे,
तिला जवळचं जास्त ओढतं.

आता त्यांना विचारावं,
विश्रामचा काही फोन?
तर म्हणतात, आतल्या खोलीचं दार घासतंय,
सुताराला बोलवायला हवं.
शेजारच्या पेडणेकरबाई विचारतात,
धाकटा कुठे असतो हल्ली?
अप्पा बॅटचा चेहरा किंचित वळवल्यासारखं
म्हणतात, आज भाऊच्या धक्क्यावर बोंबील स्वस्त होते.
चेंडू फाइन लेगला.
पेडणेकरबाई बोंबलांच्या मागे धावत जातात.
सहा वर्षं मी हे बघतेय, कधी टाळ्याही वाजवल्यात.
माझी बदली, माझं लग्न न होणं,
सगळं मीही असंच काठाकाठानं ढकलत आलेय,
बगल देणं म्हणतात त्याला, तोही एक शब्द,
कोशात वेगळ्या पानावर.

आतली खोली विश्रामची.
दार खरंच घासतं.
काल रात्री टेप घेऊन मी चौकट मोजली,
वरची पट्टी मधोमध खाली आलीय.
म्हणजे अप्पा टाळत होते
आणि खरंही सांगत होते,
एकाच वाक्यात.

रविवारी गच्चीवर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या टाकीची सावली.
मी अनुवाद वाचला. तो शब्द आला
तेव्हा तसाच ठेवला, देवनागरीत,
कुठेही न वळवता.
सावला उठले. म्हणजे काय पण, ताई?

मी कागद खाली ठेवला.
विचारलं, घरातली दारं घासतात का तुमची?
पावसाळ्यात नाही. आत्ता, एप्रिलमध्ये.

पेडणेकरबाईंचा हात वर गेला.
मग सावलांचा.
मग मागच्या रांगेतून तीन,
मग ज्यांनी सही करायला नकार दिला होता
त्या चौथ्या मजल्यावरच्या बर्व्यांचा, अर्धा.
अप्पा टाकीकडे बघत होते.
बराच वेळ बघत होते.
मग त्यांनीही हात वर केला,
कोपरात थोडा वाकलेला,
आणि तसाच ठेवला, बाकीचे खाली आले तरी.

रेडकर म्हणाले,
आधी चहा घेऊन टाकूया का?