एक की दोन

दुकानाची पाटी उलटी केली, ‘बंद’ रस्त्याकडे.
एप्रिल संपत आलाय तरी फुटपाथच्या कडेला बर्फ,
काळा पडलेला, कुणी टाकून दिलेल्या कोटासारखा.
इर्या खुर्चीत बसली, यंत्राला कपाळ टेकवलं.
फळ्यावरचं धूसर दिसतं म्हणे हल्ली.
हल्ली तिला सगळंच धूसर दिसतं,
पण त्याचं यंत्र माझ्याकडे नाही.

एक की दोन?
दोन.
आता? तीन की चार?
तीन. बहुतेक.

एक तारखेच्या आत पैसे भरायचेत,
तीनशे डॉलर, परत न मिळणारे.
एक विद्यापीठ इथलंच, सुपीरियरच्या काठावर,
चालत वीस मिनिटं; वारा समोरून असला तर तीस.
दुसरं दक्षिणेला, बसनं अकरा तास,
चारी बाजूंना मक्याची शेतं.
तळ्यात. मळ्यात. तळ्यात. मळ्यात.
महिनाभर पोरगी एकाच रेघेवर उड्या मारतेय
आणि बादही होत नाही.

विषय कुठला, ते तर विचारूच नका.
शाळेतल्या ओयाला बाईंनी यादी छापून दिली होती,
एकशे अडतीस विषय, आणि अगदी तळाला एक चौकोन:
अजून ठरलेलं नाही.
तिथं तिनं फुली मारली ती खालच्या टेबलावर उमटली.

माझ्या फ्रीझरमध्ये पेस्ट्यांच्या शेजारी
तिला किनाऱ्यावर सापडलेली समुद्रपक्ष्याची कवटी आहे.
दुकानाच्या हिशेबात चाळीस सेंट कमी भरले
तर ती रात्री एकपर्यंत ते शोधत बसते.
म्हाताऱ्या ट्रेव्हॅरोंचं कानातलं यंत्र तिनं उघडून दुरुस्त केलं,
मग तासभर त्यांच्या खाणीतल्या गोष्टी ऐकल्या.
ह्याला विषय कुठला म्हणायचा?
माझा भाऊ राइनो म्हणतो, नर्सिंग. नर्सला मरण नाही.

मला कुणी ‘एक की दोन’ विचारलं नव्हतं.
एकच पत्र आलं होतं.

पाच की सहा?
ती गप्प.
परत दाखव.
दाखवलं.
सारखंच दिसतं, आई. दोन्ही सारखंच,
आणि यंत्राच्या पलीकडून हुंदका आला,
काचांवर वाफ धरली.

बावीस वर्षं मी हे करतेय. लोक नेमके इथंच घाबरतात.
वाटतं, उत्तर चुकलं, आता भलताच चष्मा गळ्यात पडणार.
ट्रकवाल्यांना सांगते, पाद्रीबुवांना सांगितलं,
तेच तिला सांगितलं:
दोन्ही सारखं दिसायला लागलं ना, की तपासणी संपली.

आमच्या धंद्यातला पुढचा नियम मात्र सांगितला नाही.
सारखंच असेल तर कमी ताकदीची काच द्यायची.
डोळ्याला ताण नको.
कमी ताकदीची, म्हणजे जवळची,
म्हणजे रविवारी जेवायला घरी येणारी.
तो नियम मी तोंडात धरून ठेवला
गरम घासासारखा, गिळवेना, थुंकवेना.

तिनं बाहीनं नाक पुसलं. म्हणाली,
दक्षिणेला आम्हाला फिरवणारा मुलगा होता ना,
तिसऱ्या वर्षाचा, तो स्वतःच चुकला.
आम्ही चौदा जण, आईबाप धरून, थेट बॉयलरच्या खोलीत.
तर म्हणतो कसा, अरे वा,
इथं मीही पहिल्यांदाच आलोय!
आणि हसली. महिन्याभरानं.

मी काही बोलले नाही.
कागदावर लिहिलं: डावा उणे सव्वा, उजवा उणे एक.
घरी जाताना तिनं विचारलं,
ती कवटी बसमध्ये नेऊ देतात का गं?

काच मी स्वतः घासीन.
लांबचं दिसण्याचा चष्मा आहे,
अकरा तास खिडकीशी बसली
तर कणीसन् कणीस दिसायला हवं.