डबीच्या पाठीवर

हिंगाची डबी पालथी करून
मी पहिल्यांदा तिची पाठ वाचली
तेव्हा माझं वय एकतीस, वजन एकोणचाळीस किलो,
आणि गहू सोडून झाले होते पाच महिने.

पाच महिने ज्वारी.
कडक भाकरी, पितळी डब्यात रचून ठेवलेली.
डॉक्टर म्हणाले होते, नशीबवान आहात,
ज्वारीच्या गावात हा आजार झाला.
तरी पोट थांबत नव्हतं.
मला माझाच संशय यायला लागला होता,
झोपेत उठून चपाती खाते की काय.

डबीच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत
डिंक, गव्हाचं पीठ,
आणि मग तिसऱ्या नंबरावर हिंग.

चिमूटभर. दोन्ही वेळा. वरणात, ताकात, लोणच्यात.
म्हणजे मी गव्हाशी फारकत घेतली
आणि तो मागच्या दारानं, फोडणीतून,
रोज घरात येत राहिला.

आता मधल्या मारुतीजवळच्या दुकानात
मी उजेडाकडे तोंड करून उभी राहते.
सोया सॉस: गहू.
सांबार मसाला: हिंग, म्हणजे परत गहू.
लाल सॉसात घट्टपणाला काहीतरी, कशाचं ते लिहिलेलं नाही.
लिहिलेलं नाही म्हणजे नाही, असं नसतं.
मल्लिनाथ शेठ काट्यावरून विचारतात,
"काय वाचुलालीस गं एवढं? परीक्षा हाय काय?"
आहे की.
पास झाले तर कळत नाही,
नापास झाले तर रात्री दोन वाजता कळतं.

राहिली शेंगाचटणी.
शेंगदाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ.
साखर पेठेतल्या नागम्मा उखळात कुटतात,
तेल सुटेपर्यंत.
"यात दुसरं काही घालता का?" मी विचारलं
आणि मुसळ वरच्या वर थांबलं.
"भेसळ करते म्हणतीस?"

मी पायरीवर बसले. म्हटलं, अक्का,
आतडं आतून टॉवेलसारखं असतं.
उभे उभे दोऱ्याचे फास, तेच सगळं टिपून घेतात.
माझे झिजलेत.
टॉवेलाचा पंचा झालाय.
त्यांच्या नवऱ्यानं पस्तीस वर्षं टॉवेलच्या मागावर काढली होती.
दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही.
"परत उगवतात का ते?"
हळूहळू, म्हणतात.
त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं,
नखांत सकाळची कणीक होती.
"सोमवारी ये. उखळ धुते, हात धुते,
पहिली तुझी कुटते."

घरात चटणीच्या दोन वाट्या.
माझ्या वाटीच्या गळ्याला लाल दोरा,
कारण धाकटे दीर चपातीचा तुकडा
सरळ वाटीत बुडवतात, आणि कण मागं राहतो.
"आलं बाई सोवळं आमच्या घरात," सासूबाई म्हणाल्या.
मी हसले. मग भांडी घासताना हसू गेलं.
सोवळं. विटाळ.
या शब्दांनी कुणाकुणाला उंबऱ्याबाहेर उभं केलंय.
मी त्यांनाही पालथं करून पाठ वाचते,
आणि परत फळीवर ठेवते. विकत घेत नाही.
पण वाटीचा दोराही सोडत नाही.

संध्याकाळी शेजारी येमुलांकडे फोडणी पडते.
तेल, मोहरी, हिंग.
मी खिडकी लावत नाही.
वास घ्यायला डॉक्टरांनी मनाई केलेली नाही.
तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं म्हणे कुठेतरी,
मल्लिनाथ शेठ म्हणालेत, मागवतो.
दोन महिने झाले, म्हणतायत.

काल पुतणी, अनुषा, सहा वर्षांची,
हातात चपातीचा तुकडा,
हात दोऱ्याच्या वाटीवर येऊन थांबला.
"काकू, ही तुमची ना?"
एक कण सुटला. वाटीत नाही,
फरशीवर.
आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.
भिंतीच्या फटीतून एक मुंगी आली,
आणि काही न वाचता
उचलून घेऊन गेली.