तिसरं पत्र

दोन पुरेत, असं कॉलेजनं स्वच्छ लिहिलंय.
एक गणिताच्या सरांचं, एक इंग्रजीच्या बाईंचं.
तिसरं द्यायचंच असेल तर त्यात
पहिल्या दोघांना माहीत नाही असं काहीतरी हवं.
शाळेतल्या सल्लागार बाई मिरेयला म्हणाल्या,
जाड फाइल म्हणजे घाबरलेलं पोर,
एवढंच कळतं वाचणाऱ्याला.

तरी ती आली माझ्याकडे,
वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात, ओल्या हातांनी,
व्हर्ना, तू लिहिशील?

मी?
मी आजवर लिहिल्या त्या वाणसामानाच्या याद्या
आणि फ्रीजवरच्या चिठ्ठ्या:
जुने बटाटे आधी वापरा.

रात्रपाळी संपल्यावर बसले.
नदी कडेकडेनं गोठायला लागलेली,
पलीकडच्या काठावर कॅनडाचे चार दिवे.
'ती मेहनती आहे.' खोडलं.
मेहनती तर आमचं भांडी घासायचं मशीनही आहे.
'प्रामाणिक, मनमिळाऊ.' तेही खोडलं,
स्थळ सुचवल्यासारखं वाटलं.

मग लिहिलं म्हाताऱ्या पेल्कींचं.
सप्टेंबरात त्यांनी जेवण टाकलं.
डॉक्टर म्हणाले, वय.
लेक फोनवर म्हणाली, हट्ट.
मिरेय फक्त ट्रे उचलायला जायची. सूपचा कप
रोज भरलेला, कान उजवीकडे.
एका संध्याकाळी तिनं कप फिरवला.
बस, एवढंच. कान डावीकडे.
झटक्यानंतर त्यांचा उजवा हात
कुणीतरी विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा
मांडीवर पडून असायचा,
आणि सांगायची त्यांना लाज.
तिनंही कुणाला सांगितलं नाही.
मला कळलं ते ट्रॉलीवरून:
चाळीस कपांत एकाचंच तोंड दुसरीकडे,
आणि तो परत यायचा रिकामा.

ऑक्टोबरात ते गेलेच.
कप फिरवून कुणी अमर होत नाही,
असंही एक वाक्य लिहून बसले.
कशाला, असं वाटलं.
पण खोडायला हात उचलला नाही.

शुद्धलेखन माझ्या भाच्यानं तपासलं.
पाकीट मीच टाकलं, जादा तिकिटं लावून,
कारण ऑनलाइन दोनच जागा होत्या
आणि मला काही जमेना.
वाचतील का? वाचलं तर
कोण जाणे कोण, दुपारी, डुलक्या देत.
आणि तिनं तर फॉर्मवर सही केलीय
की ही पत्रं मी कधी बघणार नाही.
म्हणजे जिचं आहे, तिलाच बंदी.

सोमवारी एप्रन बांधता बांधता
तिनं विचारलंच, काय लिहिलंस गं?
बटाट्यांबद्दल, मी म्हणाले.
ती हसली,
खाली वाकून पोत्यातले जुने आधी काढू लागली.