खापर

शाळेने वंशवृक्ष मागवलाय.
शर्व विचारतो, पणजोबांच्या वर कोण?
खापरपणजोबा.
खापर म्हणजे?

बर्स्लेममध्ये याचं उत्तर
मागच्या अंगणातच मिळतं.
बटाट्यांसाठी कुदळ मारली की खण्णकन वाजतं:
निळ्या वेलीचा तुकडा, कपाचा कान,
कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा
भट्टीत भाजून राहिलेला.

शब्दकोश म्हणतो, फुटक्या मडक्याचा तुकडा.
त्याच्या मागे कर्पर. म्हणजे कवटीसुद्धा.
तो पणजोबांच्या आधी का येऊन बसला
ते मात्र लिहिलेलं नाही.
(देश सुटला त्याचं खापर कुणाच्या माथी फोडायचं
हे आमच्याही घरात अजून ठरायचंय.)

बाबा श्राद्ध करत, तेव्हा पिंड तीनच:
बाप, आजा, पणजा.
त्यांच्या वरच्यांना हाताला चिकटलेला भात,
दर्भावर पुसलेला.
नाव न घेता. नाव ठाऊकही नव्हतं.

कुंपणापलीकडून डोरीन बघते आहे.
तिच्या आईने चाळीस वर्षं
बशांच्या कडांवर सोनेरी रेघ ओढली,
खाली सही कारखान्याची.
"टाकू नकोस गं ते," ती म्हणते,
"आमच्यातलंच कुणी असेल."

शर्व सगळ्यात वरच्या चौकोनात
नाव लिहीत नाही.
मातीसकट एक तुकडा डिंकाने चिकटवतो.
धरत नाही.
पुन्हा लावतो, धुऊन.

रात्रभर त्यावर
जाडा शब्दकोश ठेवलाय.