लोकेशन

औशाच्या वाचनालयात आफ्रिकेची म्हणून एक फळी आहे.
सात पुस्तकं. त्यातली दोन शिकारीची.
उरलेल्यांतलं एक, जोहान्सबर्गकडचं,
मी वर्षभर मराठीत आणतोय
आणि बेचाळिसाव्या पानावर अडलोय.

शब्द साधाच : लोकेशन.
शहराला माणसं दिवसा लागायची,
रात्री नको असायची,
तेव्हा लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला
जिथं त्यांना पत्र्याखाली ठेवलं
त्या जागेचं सरकारी नाव.

वस्ती लिहिलं. खोडलं.
वसाहत लिहिलं, तर तिथं बाग असल्यासारखं वाटलं.
छावणी? छावणीत आमच्याकडे गुरं असतात.

भाचा म्हणाला, मामा, राहू द्या की तसंच,
लोकेशन आता शेंबड्या पोरालाही कळतं,
दिवसातून दहादा पाठवतो आपण.
लाल टाचणी. निळी रेघ. पोचलास का.

गुरुवारी चौघं जमतात, त्यांना वाचून दाखवतो.
झाडून झालं की सोजरबाई दाराशी टेकते.
पुस्तकातली थांदेका दुसऱ्यांच्या चादरींना इस्त्री करते,
पास पोलक्यात जपते,
शेवटच्या बसनं घरी जाते, खोकणाऱ्या लेकराकडे.
सोजरबाई तिला थांदाबाई म्हणते.
त्या दिवशी पास सापडत नव्हता.
शिपाई विचारतो : राहतेस कुठं?
ती सांगते : लोकेशनला.

मी थांबलो. म्हटलं, मराठीत शब्द नाही ह्याला.

सोजरबाई हसली.
ते हसणंही मला अजून उतरवता आलेलं नाही.
"गावाला काळी असती, गुरुजी, अन् पांढरी असती.
काळीत लोकाची खुरपणी केली,
पांढरीत लोकाचं आंगण सारवलं.
आमी ऱ्हायलो ती जागा
ना काळीत धरली कुनी, ना पांढरीत.
तिला काय म्हनायचं
ते बघा की तुमच्या जाड्या बुकात."

गावी माझं घर चावडीपासून तिसरं.
जाडं बुक तिथंच, कोनाड्यात असायचं,
वडिलांच्या चष्म्याशेजारी.

रात्री लोकेशन तसंच ठेवलं.
तळटीप द्यायला घेतली, दोन ओळींनंतर फाडली.

काल सोजरबाई दिवसाआधीच आली, बुधवारी.
झाडू हातातच.
"थोडं म्होरं वाचा," म्हणाली.
"तुमी पुस्तक मिटून गेलात घरला,
अन् तिचं लेकरू
आठ दिस झालं खोकतंय की एकलं."