ऐकू आलं ते

सू फॉल्स, रात्रपाळी. हेडफोन, कळफलक, कोमट कॉफी.
नियम भिंतीवर डकवलेत:
कानावर पडेल ते सगळं टाइप करायचं,
खोकला, कुत्रं, दाराची कडी.
आणि ज्याला ऐकू येत नाही तो लिहील ते
जसंच्या तसं वाचायचं, "मी" म्हणून.
त्यामुळे आठवड्यातून चारदा मी कुणाचा तरी नवरा असते.
एकदा प्लंबरला शिव्या घातल्यात,
अगदी सभ्य आवाजात.

रविवारी साडेसातला एक जण येतो.
नाव सांगायची परवानगी नाही, व्हर्लिन म्हणू.
छापखान्यात चाळीस वर्षं खिळे जुळवलेला माणूस,
अजून एक अक्षर चुकत नाही.
फोन बिस्मार्कला, बहिणीला.
"आर्लिस, गुडघा कसा आहे?" मी विचारते.
वाक्य संपलं की तो दोन अक्षरं टाकतो,
म्हणजे: आता तू.

थांब, म्हणाली, चष्मा शोधते,
डॉक्टरांनी काय लिहिलंय ते वाचते.
रिसीव्हर टेबलावर.
खण उघडला. टाइप केलं.
सपाता घासत गेल्या. टाइप केलं.
गुणगुणतायत.

पाळी नसताना त्याचं आलं:
काय गुणगुणतेय?

ऑपरेटरला चाल ओळखता येत नाही, मी लिहिलं.
(इथे मला "मी" नसतं.)

ती परतली तेव्हा पडद्यावर हे होतं, ते वाचलं:
"आई लेफ्सा लाटायची, तू पीठ भुरभुरायचीस,
तुझा गळा हलायचा.
मी बोट ठेवलं की झटकायचीस.
इतकी वर्षं मला वाटत होतं
काहीतरी गिळतेयस."

शांतता. टाइप केलं.
अजून शांतता. ती वेगळी कशी लिहायची?

मग, इश्श, या वयात काय रे, अशा सुरात काहीतरी,
आणि तिनं पुन्हा धरली ती चाल,
आता मुद्दाम, थोडी बेसूर.

हं ची कळ आहे. चालीची नाही.
हं हं हंऽऽ, लिहिलं, वर गेली,
तिथेच थांबली, श्वास,
आता हळूहळू खाली, जिन्यावरून उतरावं तशी,
शेवटची पायरी चुकली. हसतायत.

बराच वेळ काही आलं नाही.
मग: पायरी आईचीही चुकायची?
मग: गुडघ्याचं राहिलंच.

फोन संपला की पडदा आपोआप कोरा होतो.
पुढचा, पिझ्झाची ऑर्डर. दुकानदाराला जाहिरात वाटली,
माझं पहिलं वाक्य संपायच्या आत
त्यानं ठेवला.
टाइप केलं: ठेवला.
पुन्हा लावू?