बुडीत खात्यात एक ट्रक

नागपुरातून कुठलाही समुद्र धरा,
फागोजी निखारे म्हणत,
पोचेपर्यंत डबा आंबतोच.

कामठी रोडवरच्या त्यांच्या गॅरेजात
ग्रीसच्या डब्यांमागे एक शंख असे.
मला वाटे, तो तिकडचा.
तो रामटेकच्या जत्रेतला निघाला.
त्यात ते प्लग घासायचा ब्रश ठेवत.

मी तेरा वर्षांचा, पाने हातात देणारा पोरगा.
गिऱ्हाईक नसलं की सांगत. सलग कधीच नाही.

पाचपावलीत बापाचा माग, खड्ड्यातला.
कमरेपर्यंत माणूस जमिनीत, वर नुसते हात.
"मले खड्ड्यातून निंघाचं होतं बे."
म्हणून भरतीच्या रांगेत उभे राहिले,
सहा महिन्यांत लष्करी ड्रायव्हर.

मग मद्रासकडे कुठेतरी तीन आठवडे
ट्रक लिंपत बसले, पाणी शिरू नये म्हणून.
लांबी, ग्रीस, कापडाच्या पट्ट्या.
डिस्ट्रिब्युटर असा गुंडाळला
जसा रेल्वेत नेताना सावजी रश्श्याचा डबा.
धुराडं उभं करून टपाच्याही वर काढलं.
जहाजं किती होती विचारलं की चिडत,
"मोजाले बसलो होतो का तिथं?"

आणि मधेच लढाई संपली.
जपान शरण आला, बातमी आली, पेढे नव्हते म्हणून गूळ वाटला.
तरी जहाजं निघालीच.
हुकूम टाइप झाले होते.
"लगन मोडलं, पन वरात काढली बाप्पा,
बँडवाल्याले इसार देल्ला होता ना."

सप्टेंबरची नऊ तारीख, सन पंचेचाळीस,
मलायातला मोरिबचा किनारा.
जहाजाचं दार धाडकन खाली पडलं.
समोर वाळू, नारळ,
आणि काखेत कोंबडा धरलेला एक तमिळ मळेकरी,
विडी ओढत बघत होता.
बाकी कोणी नाही.
एक गोळी नाही.

नकाशात वाळू होती.
वाळूखाली चिखल होता, तो नकाशात नव्हता.
पहिला ट्रक गेला, थांबला, बसला.
दुसरा त्याला वळसा घालून बसला.
फागोजींचा सातवा.
गिअर टाकला, चाकं फिरली
आणि गाडी खाली गेली, म्हशीसारखी,
हळूहळू, समाधानाने.

मग भरती आली.
इथे ते नेहमी थांबत, हात फडक्याला पुसत.
तीन आठवडे लिंपलेलं सगळं टिकलं होतं.
गाडी टपापर्यंत पाण्यात,
आत इंजिन चालू.
समुद्रातून नुसतं धुराडं वर,
त्यातून धूर.
हे छातीभर पाण्यात उभे.
मळेकऱ्याने विडी पुढे केली.

चौकशी बसली. ट्रक कुठे हरवला?
हरवला नाही साहेब, ओहोटीला दिसतो.
मग कोणीतरी तो बुडीत खात्यात टाकला.

नागपूर स्टेशनवर मोहल्ला जमलेला.
सगळ्यांचं एकच, किती मारले?
बापाने तेवढं वेगळं विचारलं,
तिकडची मानसं काय नेसतात?
लुंगी, चौकड्याची.
काठ कसा?
ते पाहिलंच नव्हतं त्यांनी.
ही एक गोष्ट त्यांना आयुष्यभर लागली.

एकदा सीताबर्डीहून कार्बोरेटर घेऊन येताना
झिरो माइलच्या खांबाशी टेकलो,
त्या चार घोड्यांच्या सावलीत. मे महिना.
धीर करून म्हटलं, काका,
समोर खरंच शत्रू असता तर?

ते बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिले.
"सातवा होतो ना मी.
सहाजन पुढं होते.
त्यायचे नाव अजून याद आहेत, सांगू?"
आणि सांगितली. पाचच.
सहावं आठवेना.
वर्धा रोडने एक टेम्पो घरघरत गेला,
त्याच्या आवाजावर कान देऊन म्हणाले,
"मिस मारते."
मग कार्बोरेटर काखेत घेत,
मला नव्हे, घोड्याला विचारल्यासारखं,
"ते इंजन बंद कोनं केलं असन बे?"